पाचच्या घंटेनंतर

आश्रमशाळेत मुलं दोन तऱ्हेची. निवासी आणि बहिस्थ. आमच्या हजेरीपटावर नावापुढे 'नि' किंवा 'ब', एवढाच काय तो फरक. परिपाठाला दोघं एकाच रांगेत उभी राहत, एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसत, पाढे म्हणताना सूरही एकच. दिवसा कुणी पाहुणा आला तर कोण कुठलं हे त्याला ओळखू येत नसे. आमच्या वेळी शाळा अकरा ते पाच. पाचची घंटा झाली की 'ब'ची मुलं दप्तरं पाठीवर टाकून पाड्याच्या पायवाटेला लागत आणि 'नि'ची मुलं हातपाय धुवायला टाकीकडे वळत. आजारपणाची वाटणी तिथे होई.

बहिस्थ मुलाचा ताप त्याच्याबरोबर घरी जाई. घरी औषध असेच असं नाही, बहुधा नसेच. पण चुलीजवळ जागा असे, पेज असे, आणि रात्री मूल कण्हलं तर ते ऐकायला हातभर अंतरावर कुणीतरी असे. निवासी मुलाचा ताप शाळेतच मुक्कामाला राही. त्याच्या शेजारी झोपलेलं मूल त्याच्याएवढंच, नऊ-दहा वर्षांचं. दिवसभर हुंदडून ते गाढ झोपलेलं असतं. त्याने काय ऐकायचं?

सातपुड्यातल्या अशा एका शाळेत मी काही वर्षं मराठी शिकवलं. अधीक्षिकेचं पद रिकामं झालं आणि 'पुढील आदेशापर्यंत अतिरिक्त कार्यभार' असा कागद माझ्या हाती आला. सरकारी कागदात 'पुढील आदेश' म्हणजे काय, हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. त्या कागदाने मला मुलींच्या वसतिगृहाच्या किल्ल्या दिल्या, अंथरुणा-पांघरुणाचं साठा रजिस्टर दिलं आणि औषधांची पत्र्याची पेटी दिली. शाळेचा दिवस मला ठाऊक होता, शाळेची रात्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

दिवसा आरोग्यसेवेला तोटा नसे, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर अन्याय होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तोच मुळी आपल्या पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. त्याचं पथक गाडीने शाळेत येई. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. व्हरांड्यात टेबलं मांडली जात. डोळे, दात, कान, कातडी, वजन, उंची, छातीला नळी. एखाद्याच्या हृदयाचा ठोका वेगळा लागला तर त्याची चिठ्ठी जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे जाई, आणि अशा चिठ्ठीवर शस्त्रक्रिया होऊन परत आलेली मुलगी मी डोळ्यांनी पाहिली आहे. फेब्रुवारीच्या दहा तारखेला जंतनाशक दिन. अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मुलांनी समोरच चावून खायची. आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी. ती गालात दाबून ठेवून मागच्या आंब्याखाली थुंकण्याची कला सातवीच्या मुलींनी इतकी वाढवली होती की आंब्याच्या बुंध्याशी निळे ठिपके पडलेले असत. आमच्या कामाठी मावशी म्हणायच्या, बाई, यंदा आंब्याचं रक्त वाढणार.

ही सगळी सेवा अकरा ते पाचमधली. पथक पाचच्या आत निघे, कारण त्यांनाही घाट उतरायचा असे. आजार मात्र घड्याळ बघून येत नाहीत, आणि आले तरी रात्रीचीच वेळ त्यांना मानवते.

'आजारी मुलांची खोली' नावाची एक खोली आमच्याकडे होती. दारावर तेलरंगात तसं लिहिलेलं होतं. आत मोडके बाक, तांदळाची पोती, हवा गेलेले फुटबॉल आणि भिंतीकडे दोन लोखंडी खाटा. एका खाटेवर स्नेहसंमेलनाचा पडदा घडी करून ठेवलेला. पेटीत पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, जेन्शन व्हायोलेटची बाटली, कापूस आणि एक तापमापक. तो तापमापक मी तालुक्याहून स्वतः आणला, कारण आधीचा साठ्यात होता पण पेटीत नव्हता. आणि नोंदवही: अनुक्रमांक, नाव, इयत्ता, तक्रार, दिलेले औषध, सही. वहीची जुनी पानं चाळली तर 'तक्रार' या रकान्यात पानोपानी एकच शब्द, 'ताप'. 'औषध' या रकान्यात 'गोळी १'. मूल पहिलीतलं असो की दहावीतलं, गोळी एकच. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर द्यायचं असतं, किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम. वजनाचा आकडा पथकाच्या कार्डावर होता आणि कार्डं मुख्याध्यापकांच्या कपाटात. मी वर्गवार वजनं लिहून तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. पाव, अर्धी, पाऊण, एक. धोरण म्हणतात ते कधीकधी एवढंच असतं.

आमच्या शाळेची खरी आरोग्यसेवा म्हणजे रोजंदारीवरची एक कामाठी मावशी. त्यांना लिहिता येत नव्हतं, तापमापक त्यांनी कधी हातात धरला नाही. त्या मुलांच्या कपाळाला हातही फार लावत नसत. त्या ताटं बघत. जेवणानंतर खरकटी ताटं धुवायला येत, तेव्हा कुणाच्या ताटात भाकरीचा अर्धा तुकडा राहिला, कुणी वरण चाटूनपुसून खाल्लं पण भाताला हात लावला नाही, हे त्यांच्या ध्यानात राही. रात्री नऊला दाराशी येऊन म्हणत, "बाई, त्या खिडकीजवळच्या पोरीनं आज काही खाल्लं नाही." आणि मध्यरात्री पुन्हा, "बाई, हिनं आंग तपी ऱ्हायनं." तीन तास आधी त्यांनी ताटावरून ओळखलेलं असे. मला विचाराल तर शासनाने आश्रमशाळेच्या मंजूर पदांमध्ये ही नजर कुठे बसते ते शोधावं. मुख्याध्यापक, शिक्षक, अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार अशी पदं आमच्याकडे मंजूर होती. परिचारिका नव्हती.

याची मुळं जुनी आहेत. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भील सेवा मंडळ काढलं, त्या पिढीच्या आश्रमांत सेवक मुलांमध्येच राहत. आजारी मूल कुणाचं, हा प्रश्न तिथे फारसा पडत नसावा. महाराष्ट्र शासनाने १९७२-७३ पासून स्वतः आश्रमशाळा चालवायला घेतल्या. आज शासकीय शाळा पाचशेच्या आसपास, अनुदानित साडेपाचशेच्या आसपास, आणि त्यांत शिकणारी मुलं चार लाखांवर. सेवकाची जागा पदाने घेतली. पदाला कामाचे तास असतात, रजा असते, बदली असते, आणि हे सगळं असायलाच हवं. राबणाऱ्याने संत असावं अशी अपेक्षा ठेवून कुठलीही व्यवस्था चालत नाही. पण मग पद रिकामं असेल त्या रात्रीचं काय, याचं उत्तर व्यवस्थेने द्यायला हवं होतं.

सातपुड्यात पावसाळा लागला की साप निघतात. नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते, त्यांची निदान वर्दी मिळते. मण्यार मात्र रात्री हिंडते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते. तिचे दात इतके बारीक की चावल्याची खूण शोधूनही सापडत नाही. सूज नाही, आग नाही. मूल झोपेतून उठतं आणि पोट दुखतं म्हणतं. उलटी होते. रात्री दोन वाजता पोट दुखणाऱ्या मुलाला कुणीही ओवा देईल, नाहीतर पेटीतली गोळी. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, मुलाला डोळे उघडे ठेवता येत नाहीत, थुंकी गिळता येत नाही. आपल्याला वाटतं, झोप येतेय. प्रत्यक्षात श्वासाचे स्नायू निकामी होत असतात. प्रतिविष वेळेवर मिळालं तर ठीक. उशीर झाला तर त्याच्या जोडीला श्वास चालवायचं यंत्रही लागतं, आणि ते तालुक्याला असेलच असं नाही.

म्हणून पावसाळ्याच्या रात्री ज्या मुलाचं पोट अचानक दुखू लागतं आणि पापण्या मिटू लागतात, त्याला आधी गाडीत घालायचं, कारण मागाहून शोधायचं. ही एक ओळ प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर 'सुविचारा'च्या जागी लिहावी असं मला फार वाटे. आणि त्याहून सोपा उपाय म्हणजे खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. ती डासांना अडवते आणि मण्यारीलाही. आमच्याकडे मच्छरदाण्या होत्या, पण खाटा पटसंख्येला पुरत नव्हत्या. खाली झोपणाऱ्यांच्या मच्छरदाण्या कशाला बांधायच्या, हा प्रश्न सुटेना, तेव्हा त्या भांडारातच राहिल्या. शेवटी शेतीकामाचा दोर आडवा ताणून आम्ही त्या बांधल्या. पुढे दोन वर्षांनी दुमजली पलंग आले.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव इथे आठवतं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक असताना विंचू चावलेली माणसं त्यांनी उशाशी बसून पाहिली, तासातासाला काय बदलतं ते टिपलं, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून मरणारी माणसं वाचवली. जगभरच्या वैद्यक नियतकालिकांनी त्याची दखल घेतली. ते संशोधन मोठं खरंच. मला त्यातलं बसणं महत्त्वाचं वाटतं. रोग्याजवळ रात्रभर कुणीतरी शिकलेलं माणूस बसलं होतं.

दुसरी गोष्ट थंडीची. नंदुरबार, धुळे, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल बराच आढळतो. रक्तातल्या गोल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, पाठीत, छातीत अशा कळा उठवतात की जाणतं माणूसही गडबडा लोळेल. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, दमणूक, ताप ही या कळांची निमित्तं. आता आश्रमशाळेचा डिसेंबर डोळ्यांपुढे आणा. पहाटे पाचला घंटा. टाकीचं पाणी हाडं गोठवणारं, कारण गच्चीवरचा सौर बंब दोन पावसाळ्यांपासून बंद. थंडीत मुलं पाणीही कमी पितात. मग सहा वाजता मैदानाला फेऱ्या, कारण विभागीय क्रीडा स्पर्धा जवळ आलेल्या. सिकलसेलच्या मुलाला छळायचं असं कुणी ठरवून वेळापत्रक केलं असतं तरी याहून अचूक झालं नसतं.

आठवीतला एक मुलगा दर हिवाळ्यात 'पाय दुखतात' म्हणून बसून राही. त्याच्यावर कामचुकार असा शिक्का बसला होता. पथकाने बोटातून रक्त घेतलं, पुढची तपासणी जिल्ह्याला झाली आणि तो सिकलसेलचा रुग्ण निघाला. त्याच्या वर्गात त्याच आजाराची आणखी एक मुलगी होती, बहिस्थ. तिला इतका त्रास कधी होत नसे. याची वैद्यकीय कारणं वेगळी असतील, आजार सगळ्यांना सारखा छळत नाही. पण ती चुलीशेजारी झोपे आणि सकाळी चुलीवर तापलेल्या पाण्याने हातपाय धुऊन शाळेत येई, हेही खरंच. मुलाची सोय करायला फार काही लागलं नाही. स्वयंपाकघरातून एक बादली गरम पाणी, एक जास्तीचं ब्लँकेट, दप्तरात पाण्याची बाटली, धावण्यातून सूट, आणि लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ताप चढला तर सकाळची वाट न बघता दवाखाना. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, २०४७ सालचं उद्दिष्ट ठेवून. तपासण्या झपाट्याने व्हायलाच हव्यात. तपासणीनंतर त्या मुलाला सकाळी गरम पाणी मिळतं का, हे कोण तपासणार?

सिकलसेल तपासणीची यादी एकदा कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागली. नावं, इयत्ता, निकाल. मी ती दुपारी काढली, पण तोवर 'ब'ची मुलं ती वाचून गेली होती आणि संध्याकाळपर्यंत ती नावं पाड्यापाड्यांवर पोचली होती. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मूल चारात एका शक्यतेने रुग्ण निपजतं. म्हणजे या माहितीचा संबंध पुढे लग्नाशी येतो. ती समजावून सांगायची गोष्ट आहे, डकवायची नाही. मुलींच्या पाळीच्या दुखण्याबद्दलही हेच. कार्यभार माझ्याकडे येईपर्यंत ते दुखणं वहीत कधी आलंच नाही, कारण वही सरांकडे होती.

खरजेने मात्र मला 'नि' आणि 'ब' या अक्षरांचा फोलपणा नीट शिकवला. खरजेचा किडा कातडीत बोगदा करून राहतो, खाज रात्री वाढते. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार-सहा आठवडे जातात, म्हणजे न खाजवणारं मूलही ती वाटत फिरत असतं. म्हणून एकेकाला मलम लावून उपयोग नसतो. पर्मेथ्रिन मानेपासून तळव्यापर्यंत, सगळ्यांना, एकाच रात्री, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा. आम्ही शनिवार धरला. एकमेकींच्या पाठीला मलम लावताना मुलींनी जो दंगा केला तसा संमेलनालाही झाला नसेल. रविवारी चादरी उकळत्या पाण्यात, गोधड्या कुंपणावर उन्हात. पंधरा दिवस वसतिगृह शांत झोपलं. मग पुन्हा खाजवणं सुरू. मलमाच्या नळ्या आल्या होत्या निवासी पटसंख्येनुसार. शेजारच्या बाकावरच्या बहिस्थ मुली, त्यांची घरी असलेली भावंडं, त्यांची एकच वाकळ हे कुठल्याच मागणीपत्रात नव्हतं. पुढच्या खेपेला उपकेंद्राची आरोग्यसेविका आणि पाड्यांवरच्या आशाताई यांना बरोबर घेतलं, त्याच शनिवारी घरोघर मलम गेलं, तेव्हा कुठे ती खरूज हटली.

पाचगणी-देवळालीच्या महागड्या निवासी शाळा प्रवेशाच्या वेळीच आरोग्यपत्रक भरून घेतात. लसी, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, अपरात्री दवाखान्यात न्यायची संमती. आमच्या प्रवेशअर्जाला जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, पासबुक इतकं लागे. मूल आदिवासी आहे हे सिद्ध करायला कागदांची चळत, पण त्याला आकडी येते का, हे विचारायला एक रकाना नव्हता. आणि संमती विचारायची तरी कुणाला? दिवाळीनंतर निम्मे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत. फोन लागला तर मुकादमाचा.

तरीही जिथे तिथे पहिली सूचना एकच: ताप उतरत नसेल तर घरी पाठवा. घराला कुलूप. किंवा घरी म्हातारी आजी, आणि तिथून आरोग्यकेंद्र शाळेपेक्षाही लांब. घरी पाठवणं हा उपचार नव्हे, ती जबाबदारीची बदली आहे. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१६ मध्ये आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अहवाल दिला, तेव्हा मागच्या पंधरा वर्षांतल्या सुमारे दीड हजार मुलांचा आकडा पुढे आला. ताप, सर्पदंश, विंचूदंश, नेहमीचीच नावं. वर्षाला शंभर मुलं. आपल्या गावातल्या एखाद्या शाळेचा अख्खा मजला दरवर्षी रिकामा झाला असता तर आपण काय केलं असतं, एवढंच मनात येतं.

मोठ्या योजनांना माझा विरोध नाही. पण मागायचं झालं तर मी तीन गोष्टी मागेन. प्रत्येक निवासी शाळेत मुक्कामी राहणारी एक परिचारिका. अधीक्षिकेच्या हाती थोडी अग्रिम रक्कम, आणि गाडी बोलवायला कुणालाही विचारावं लागू नये असा लेखी आदेश. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, आणि तिने पुष्कळ जीव वाचवलेत. पण घाटात रात्री ती पोचेपर्यंत गावातली जीप निघालेली असते. त्या जीपचं भाडं कोण देणार, यावर खल करत बसायची ती वेळ नसते. आणि तिसरं, निवासी आणि बहिस्थ मुलांची आरोग्यनोंद एकाच वहीत.

नाशिक-पुण्याहून पुष्कळ मंडळी आश्रमशाळांत वह्या, खाऊ, स्वेटर वाटायला येतात. वाढदिवस साजरे करतात, फोटो काढतात. मुलांना ते आवडतं, त्यात वावगं काही नाही. तुम्ही गेलात तर वाटप उरकल्यावर मुख्याध्यापकांना म्हणा, आजारी मुलांची खोली बघायची आहे. खाटा मोकळ्या आहेत का बघा, नोंदवहीत शेवटची नोंद कधीची आहे बघा, गच्चीवरचा बंब चालतो का विचारा. आणि रात्री मुलींच्या वसतिगृहात कोण झोपतं, त्यांचं नाव विचारून घ्या. जमलं तर त्यांना भेटूनच निघा.